मुलुंडचं मलड करणारं फंक्शन आणि त्याची एका ओळीची डॉक

कुठल्याही लायब्ररीत 'क्लीन टेक्स्ट' नावाचं फंक्शन दिसलं की मी डॉक, म्हणजे त्याची माहिती देणारं पान, वाचत बसत नाही, सरळ सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडते. डॉकमध्ये काय असणार ते न वाचताच माहितीये. "टेक्स्ट क्लीन करतं." झालं, एवढंच. आत स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, जाते, बाहेर स्ट्रिंग येते. अरे पण क्लीन म्हणजे काय? काय काढलं, काय ठेवलं, काय बदललं, गेलेलं परत आणता येतं का? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. इंग्लिशवाल्यांचं त्यात फारसं बिघडत नाही म्हणा, दोन स्पेसची एक झाली, कॅपिटलचं स्मॉल झालं, संपलं. बिघडतं ते आपलं.

तर आम्ही काही जण मिळून मराठी टेक्स्टसाठी एक छोटीशी पायथन लायब्ररी चालवतो. नोकऱ्या सांभाळून, जमेल तसं. त्यात नॉर्मलायझेशनची, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप झालेला मजकूर एकसारखा करणारी, फंक्शन्स बरीच साठलीयेत, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) काढणारं, अदृश्य कॅरेक्टर काढणारं, आकडे बदलणारं, ॲ सुधारणारं, आणि प्रत्येकाच्या डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या डॉकमध्ये, एक ओळ, तीही फंक्शनचं नावच फिरवून लिहिलेली. नवीन फीचर लिहायला सगळे तयार असतात, डॉक लिहायचं म्हटलं की ग्रुपवर सामसूम. शेवटी मी म्हटलं मी घेते. आमचा ठाणेकर मेंटेनर लगेच म्हणाला, "अगं पण वाचतं कोण डॉक? लोक कुठून तरी कोड उचलतात आणि चिकटवतात." मी म्हटलं, बरोबर आहे, आणि आता तर लोक चॅटबॉटला विचारतात, पण तो तरी कुठून सांगणार, कुठेतरी नीट लिहिलेलं असेल तर ना. आणि नसेल तर तो ठोकून देतो, आणि ते माणसांपेक्षा जास्त कॉन्फिडन्सने.

सुरुवात मी रेल्वेच्या स्टेशनांपासून केली. टेस्टसाठी मुंबईकराला याहून बरी यादी मिळणार नाही, सगळ्यांना पाठ असते, आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी लगेच खटकतं.

'स्ट्रिप ॲक्सेंट्स' नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे अक्षरांवरची चिन्हं काढून टाकायची. फ्रेंच-स्पॅनिशमध्ये ई वर तिरकी रेघ असते ती काढली की साधा ई उरतो, सर्च करायला सोपं जातं, हेतू चांगला आहे. हे करायची नेहमीची रीत अशी, की आधी अक्षर आणि चिन्ह सुटं करायचं आणि मग सगळी चिन्हं उडवायची. प्रश्न इतकाच, की 'चिन्ह' कशाला म्हणायचं? गूगलच्या बर्ट या भाषा-मॉडेलचा २०१८ चा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणारा कोड, स्मॉल लेटर करायचा पर्याय चालू असला की युनिकोडची (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला आणि चिन्हाला नंबर देणारं स्टँडर्ड) एक कॅटेगरी बघतो, जागा न व्यापणारी चिन्हं, आणि त्या कॅटेगरीतलं सगळं उडवतो. आता आपल्या काही मात्रा त्या कॅटेगरीत आहेत आणि काही नाहीत. काना, वेलांट्या, ओकार, औकार, विसर्ग हे जागा व्यापणारे, ते वाचतात. उकार, एकार, ऐकार, अनुस्वार, हलंत, नुक्ता हे गेले. म्हणजे मराठी व्याकरणाशी याचा काही संबंध नाही, चिन्ह अक्षराच्या बाजूला बसतं का वर-खाली बसतं एवढाच मामला. मग स्टेशनं अशी होतात:

मुंबई → मबई
कुर्ला → करला
चेंबूर → चबर
भांडुप → भाडप
मुलुंड → मलड
ठाणे → ठाण
डोंबिवली → डोबिवली
अंधेरी → अधरी

दादर, घाटकोपर आणि बोरिवली मात्र जसेच्या तसे. त्यांना उकार-एकार-अनुस्वार काही नाही म्हणून. घाटकोपरवाल्याने टेस्ट लिहिली असती तर पास झाली असती आणि तो खुशीत घरी गेला असता.

आता गंमत बघा. सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीतपण 'स्ट्रिप ॲक्सेंट्स' आहे, त्याचं युनिकोडवालं फंक्शन दुसरीच गोष्ट तपासतं, कॅरेक्टरचा कम्बायनिंग क्लास, म्हणजे चिन्हांचा क्रम लावायला युनिकोडने दिलेला आकडा, शून्य आहे की नाही. आपल्या सगळ्या मात्रांचा आणि अनुस्वाराचा क्लास शून्य आहे, हलंताचा नऊ, नुक्त्याचा सात. त्यामुळे तिथे मुंबई शाबूत राहते, मुलुंड शाबूत राहतं, पण कुर्ल्याचं कुरला होतं, विक्रोळीची विकरोळी होते आणि महाराष्ट्राचं महाराषटर. एकच नाव, एकच वर्णन, ॲक्सेंट काढतं म्हणून, आणि एकाने मात्रा खाल्ल्या तर दुसऱ्याने जोडाक्षरं. तिसरं एक आहे ते सगळं ॲस्कीमध्ये, म्हणजे साध्या इंग्लिश अक्षर-आकड्यांच्या संचात, बसवतं आणि जे बसत नाही ते टाकून देतं. मराठी वाक्य दिलं तर स्पेस आणि पूर्णविराम तेवढे परत येतात. त्या तिसऱ्याच्या डॉकमध्ये मात्र प्रामाणिकपणे लिहिलंय, की ज्या भाषांची अक्षरं थेट ॲस्कीत उतरतात त्यांच्यासाठीच हे आहे. ही एक ओळ किती जणांचे हाल वाचवते! मला डॉकमध्ये हवं असतं ते हेच.

सायकिट-लर्नवरून आणखी एक. तिथे शब्द सुटे करायचा डिफॉल्ट पॅटर्न आहे त्याचं वर्णन, दोन किंवा जास्त अल्फान्यूमेरिक कॅरेक्टर्स (अक्षरं-आकडे) असलेले शब्द निवडतो, असं आहे. अगदी खरं आहे ते. फक्त पायथनच्या हिशोबाने मात्रा अल्फान्यूमेरिक नाहीत, त्यामुळे शब्द मात्रेपाशी तुटतो, मुंबईतून 'बई' तेवढं उरतं, दादरमधून 'दर', आणि मुलुंड-ठाणे तर यादीतून गायबच, कारण प्रत्येक तुकडा एकेका अक्षराचा. वाक्य खरं असूनही मराठी माणसाला त्यातून काहीच कळत नाही, कारण 'अल्फान्यूमेरिक' वाचताना कुणाच्या मनातसुद्धा येत नाही की उकार त्यात धरला नसेल.

मी कुणाला नावं ठेवत नाहीये. पायथनच्या स्वतःच्या डॉकमध्ये युनिकोड नॉर्मलायझेशन समजावताना शेपटीवाल्या सी चं उदाहरण आहे, तो एकच कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडचा एकच नंबर, म्हणून लिहिता येतो किंवा सी अधिक शेपूट असा लिहिता येतो, वगैरे. उत्तम उदाहरण आहे. पण ते वाचून आपल्या ऱ चं काय होणार हे कळतं का? नाही कळत. जिथे पाहावं तिथे उदाहरणं युरोपातली, आणि आपण मनातल्या मनात धरून चालतो की आपल्याकडेपण असंच होत असेल. होत नाही.

तर ऱ. यावर मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त मजापण आली.

'कोपऱ्यात', 'दऱ्या', 'वाऱ्या', 'आचाऱ्याने', यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, ०९३१ नंबरचा ऱ, त्याला हलंत, मग य. दुसरा, साधा र, हलंत, आणि मग एक अदृश्य झीरो विड्थ जॉइनर, मग य. हा दुसरा प्रकार युनिकोड २.० च्या काळातला, जुना मजकूर चालावा म्हणून स्टँडर्डमध्ये अजून ठेवलाय. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे. कोपऱ्यात आणि कोपर्‍यात, सांगा बघू कुठला कुठला? आणि ऱ चा तिसरा अवतार म्हणजे साधा र अधिक सुटा नुक्ता. एनएफसी, म्हणजे युनिकोडचं सुटे भाग जोडणारं नॉर्मलायझेशन, लावलं की हा तिसरा पहिल्यात मिसळतो, चांगलं आहे. पण जॉइनरवाला मिसळत नाही. एनएफसी, भाग सुटे करणारं एनएफडी, के वाले दोन्ही (त्यांच्याबद्दल पुढे), काहीही लावा, तो वेगळा तो वेगळाच, युनिकोडच्या दृष्टीने त्या दोन स्ट्रिंग समान नाहीतच मुळी. आणि नवशिका डेव्हलपर डॉक वाचतो, "एनएफसी लावल्यावर एकसारख्या दिसणाऱ्या स्ट्रिंग एकसारख्या होतात", असं ढोबळ कुणीतरी कुठेतरी लिहिलेलं असतं, तो लावतो आणि निश्चिंत होतो, आणि सर्चमध्ये अर्धे रेकॉर्ड सापडत नाहीत.

बरं, न सापडणं परवडलं. यापुढचं ऐका. नुक्ता काढायचं फंक्शन बऱ्याच भारतीय भाषांच्या टूल्समध्ये असतं, हिंदी-उर्दूतल्या शब्दांसाठी ते उपयोगी आहे, कोणी नुक्ता देतं कोणी देत नाही, सर्चला एकच केलेलं बरं. ते मराठीवर चालवलं, आणि त्याआधी एनएफडी केलेलं असलं, तर ऱ चा होतो र अधिक नुक्ता, मग नुक्ता उडतो, आणि उरतो र्य. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला. पंगतीच्या आचाऱ्याने जिलबी तळली तिथे आचार्याने तळली. आता तेच फंक्शन एनएफसीनंतर चालवा, ऱ अखंड एक कोडपॉइंट म्हणून उभा आहे, त्याच्यात सुटा नुक्ता नाहीच, त्यामुळे दऱ्या वाचल्या. म्हणजे एकच फंक्शन, एकच इनपुट, आधी काय चालवलं होतं त्यावर समुद्र की दरी ते ठरतं. आणि 'अदृश्य कॅरेक्टर काढा' म्हणून जे दुसरं साधंभोळं फंक्शन असतं ते जॉइनरवाल्या र्‍य चं हेच करतं, दुसऱ्या वाटेने त्याच खड्ड्यात.

आमच्या लायब्ररीत आता आधी र-हलंत-जॉइनर या तिकडीचं ऱ-हलंत करून घेतो, मग बाकीचे जॉइनर काढतो, आणि नुक्ता काढणारं फंक्शन ऱ ला हात लावत नाही, तो सुटा आला असेल तर आधी जोडून घेतं. कोड पाच-सहा ओळींचा. डॉक त्याच्या चौपट, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण ही डॉक लिहायची कशी, इथे खरी पंचाईत. उदाहरण द्यायचं तर इनपुट आणि आउटपुट दोन्ही डोळ्याला सारखेच. वाचणारा म्हणणार, ताई, तुम्ही तीच ओळ दोनदा चिकटवलीत. म्हटलं लांबी दाखवू. 'वाऱ्या' हा ऱ ने लिहिला तर सहा कोडपॉइंट, जॉइनरने लिहिला तर सात. छान. पण सुट्या नुक्त्याने लिहिला तरी सात! म्हणजे दोन वेगळ्या स्ट्रिंग, दिसायला सारख्या आणि लांबीलापण सारख्या. त्यात पुन्हा एडिटर, चॅट ॲप, डॉक बनवणारं टूल, यातलं कोण पेस्ट करताना परस्पर काय जोडेल आणि काय गाळेल याचा भरवसा नाही, आपण जॉइनरवालं उदाहरण लिहायचं आणि पानावर पोचेपर्यंत जॉइनर वाटेत उतरून गेलेला.

शेवटी असं केलं. उदाहरणात अक्षरं थेट टाइप करायचीच नाहीत. पायथनमध्ये बॅकस्लॅश, कॅपिटल एन आणि महिरपी कंसात कॅरेक्टरचं पूर्ण युनिकोड नाव देता येतं, 'देवनागरी साइन नुक्ता' असं, तसं लिहायचं. टाइप करायला कंटाळवाणं आहे पण वाचणाऱ्याला नंबर पाठ नसले तरी कळतं की इथे नुक्ता आहे आणि इथे झीरो विड्थ जॉइनर आहे. आउटपुट दाखवताना 'ॲस्की' हे बिल्ट-इन फंक्शन वापरायचं, म्हणजे प्रत्येक कोडपॉइंट नंबराने दिसतो, लपायला जागा नाही. आणि सगळी उदाहरणं डॉकटेस्टमध्ये, म्हणजे टेस्ट चालवल्या की डॉकमधली उदाहरणंपण चालतात, उद्या कुणी फंक्शन बदललं आणि डॉक तशीच ठेवली तर बिल्ड लाल, म्हणजे तपासणी नापास. ठाणेकराला हे फार आवडलं, कारण त्याला लाल बिल्ड दाखवून लोकांना टोचायला आवडतं.

ॲ चं प्रकरण त्यामानाने सोपं. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ वर्जनला आलं, नंबर ०९७२. त्याआधी सगळे अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि अजूनही कितीतरी कीबोर्डवरून तसंच येतं. ॲप आणि अॅप. हेपण युनिकोडच्या लेखी दोन वेगळे, एनएफसी जोडत नाही. आम्ही जोडतो. पण डॉकमध्ये मी ठळक लिहिलंय की हे युनिकोडचं सांगणं नाही, हा आमचा निर्णय आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. काही बदल असे की जे स्टँडर्डनेच समान ठरवलेत, कुठलीही लायब्ररी घ्या उत्तर तेच येणार. काही बदल आमच्या मते समान, दुसऱ्या लायब्ररीचं मत वेगळं असू शकतं. आणि काही तर निव्वळ अंदाज. तिन्ही एकाच 'नॉर्मलाइझ' च्या बटणाखाली घातले की वापरणाऱ्याला वाटतं सगळं सारखंच पक्कं आहे.

एनएफसीबद्दल अजून एक, कारण लोक दचकतात. एनएफसी म्हणजे जोडलेलं रूप, म्हणून सगळ्यांना वाटतं स्ट्रिंग आखूड होणार किंवा आहे तेवढी राहणार. आपल्याकडे उलटपण होतं. नुक्तेवाली क, ख, ग, ज, ड, ढ, फ, य ही आठ अक्षरं ०९५८ पासून ओळीने बसलीयेत, ती एनएफसीच्या अपवादांच्या यादीत आहेत, एनएफसी लावलं की ती फुटतात, अक्षर वेगळं आणि नुक्ता वेगळा. एकाचे दोन कोडपॉइंट, यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइटचे सहा. डेटाबेसमध्ये कॉलमची मर्यादा बाइटमध्ये मोजलेली असेल तर नॉर्मलाइझ केल्यावर नाव मावत नाही अशी वेळ येऊ शकते. ऱ मात्र त्या यादीत नाही, म्हणून तो जोडलेला राहतो. एकाच नुक्त्याचे दोन न्याय. का, याचा इतिहास मी डॉकमध्ये नाही घातला, फक्त 'लांबी वाढू शकते' एवढं वर टाकलं.

के वाली रूपं, म्हणजे एनएफकेसी आणि एनएफकेडी, यांच्या पानावर मी एक लाल चौकट टाकलीये आणि ती काढायला कुणी सांगितलं तर मी भांडेन. ही रूपं 'साधारण तेच' असलेली कॅरेक्टर्स सपाट करतात. रुपयाचं जुनं एकत्र चिन्ह ₨ याचं होतं रोमन आर आणि एस, आणि नवीन ₹, जे २०१० ला आलं, त्याचं काहीच होत नाही, म्हणजे किमतींच्या यादीत दोन्ही असतील तर एकीकरण होण्याऐवजी फाटाफूट कायम. जागेच्या जाहिरातीत ५५० फूट² असेल तर ५५० फूट2. आणि माझं सगळ्यात लाडकं, वाण्याच्या यादीतलं '१½ किलो'. ½ चं होतं 1⁄2, मधे स्पेस नाही, मागे १ चिकटलेला, मग आकडे एकसारखे करणारं फंक्शन चालवलं की 11⁄2. अकरा छेद दोन. दीड किलो साखर सांगितली आणि साडेपाच आली. हे उदाहरण मी डॉकमध्ये जसंच्या तसं घातलं आणि रिव्ह्यूमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी डॉकच्या पीआरवर (बदल स्वीकारायच्या विनंतीवर) हसण्याची इमोजी टाकली.

आकड्यांचं थोडक्यात. एनएफकेसी देवनागरी आकडे बदलत नाही, खूप जणांना वाटतं बदलतं. पायथनच्या 'इंट' ला, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनला, ४२ देवनागरीत दिलं तरी चालतं, जावास्क्रिप्टमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा आकड्यांचा पॅटर्न देवनागरी आकडे ओळखतच नाही. आमचं आकडे बदलणारं फंक्शन वेगळं आहे आणि डिफॉल्ट बंद. आणि स्मॉल लेटर करणाऱ्या फंक्शनचा देवनागरीवर काही परिणाम होत नाही, हेपण एका ओळीत लिहून टाकलं, कारण कुणीतरी विचारतंच.

आता त्या मुलीची गोष्ट सांगते, तिच्यामुळे डॉकमध्ये एक अख्खं प्रकरण वाढलं. गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाचा कॅटलॉग ती आणि तिच्या कॉलेजातले काही जण कॉम्प्युटरवर चढवतायत. कार्डांवरची नावं जशी आहेत तशी टाइप केलेली, आणि त्यात जुन्या वळणाचे अनुस्वार. 'नांव', 'कांहीं', 'घरांत'. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने घेतले आणि व्युत्पत्तीने किंवा रूढीने दिले जाणारे असे अनुस्वार गेले, त्याआधीची पुस्तकं बहुतेक अशीच. तिचा मेसेज आला तेव्हा मी लोकलमध्ये होते.

"ताई, जुने अनुस्वार काढायचं फंक्शन आहे का तुमच्याकडे? ग्रंथपाल काका म्हणतात शोधलं की अर्धी पुस्तकं मिळतच नाहीत."

"नाहीये. आणि करणारपण नाही बहुतेक," मी लिहिलं.

"का पण? 'नांव' चं 'नाव' करायचं, सोपंय ना?"

"ते सोपंय. 'घरांत' चं काय करशील? जुन्या पुस्तकात ते एकाच घरात आहे. नव्या पुस्तकात घरं अनेक आहेत, आणि तिथे अनुस्वार हवाच."

थोडा वेळ काही नाही. मग, "अय्या हो. मग काका ओरडणार."

काकांचा ओरडा टाळायचा उपाय होता, आणि तो खरं तर कुठल्याही नॉर्मलायझेशनला लागू आहे. मूळ नाव जसं कार्डावर आहे तसंच एका कॉलममध्ये ठेवायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसरा कॉलम फक्त शोधायचा, त्यात काय वाटेल ते करा, अनुस्वार उडवा, ऱ्हस्व-दीर्घ एक करा, दऱ्यांचा दर्या करा, तो कुणाला दिसणारच नाही. शोधणाऱ्याने जे टाइप केलं त्यालापण तेच सगळं लावायचं आणि मग जुळवायचं. थोडे जास्तीचे निकाल येतील, येऊ दे, काका डोळ्यांनी निवडतील. ल्यूसीन या सर्चच्या लायब्ररीत हिंदीसाठी असंच एक फिल्टर आहे, ते नुक्ते, हलंत, जॉइनर सगळं काढतं, दीर्घाचं ऱ्हस्व करतं, आणि ते इंडेक्ससाठी आहे म्हणून ठीक आहे. त्याच फिल्टरमधून गेलेलं टेक्स्ट उद्या कुणी छापलं तर?

म्हणून आता प्रत्येक फंक्शनच्या पानावर पहिलं शीर्षक 'काय करतं' नाही, 'काय हरवतं' हे आहे. त्याखाली ते साठवायच्या टेक्स्टला लावायचं की फक्त शोधायच्या. मग, दोनदा चालवलं तर उत्तर तेच राहतं का. मग, याआधी काय चालवलेलं असायला हवं. आणि सगळ्यात शेवटी 'मुद्दाम करत नाही' म्हणून एक भाग, तिथे 'घरांत' विराजमान आहे, कारणासकट. ठाणेकर म्हणाला, न केलेल्या कामाची डॉक मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. म्हटलं, दर महिन्याला तोच इश्यू कुणीतरी नव्याने उघडतं आणि तूच वैतागून तेच उत्तर टाइप करतोस, आता लिंक देत जा. त्याने पीआर मुकाट मर्ज केला.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. दोन नॉर्मलाइझ केलेल्या स्ट्रिंग जोडल्या तर जोडलेली स्ट्रिंग नॉर्मलाइझ असेलच असं नाही, एकीच्या शेवटी र आणि दुसरीच्या सुरुवातीला सुटा नुक्ता असला की झालं, म्हणून जोडल्यावर पुन्हा चालवा. आणि मात्रेच्या नंतर नुक्ता टाइप झाला असेल तर एनएफसी तो उचलून मात्रेच्या आधी ठेवत नाही, हलंतानंतर आलेला असेल तर मात्र ठेवतं. हे दुसरं वाचून कुणी मेसेज केला की हे विचित्र आहे. हो, आहे.

सध्या विसर्गावर अडलंय. 'दुःख' आणि 'दु:ख', एकात खरा विसर्ग आणि दुसऱ्यात कीबोर्डवरचा कोलन, आणि नेटवरच्या मराठीत कोलनवाले ढिगाने. एका कॉन्ट्रिब्युटरचं म्हणणं, दोन देवनागरी अक्षरांच्या मधे स्पेस न सोडता कोलन आला की तो विसर्गच समजा. मी त्याला 'वेळ:सकाळी' दाखवलं, 'स्थळ:दादर' दाखवलं, लग्नपत्रिका आणि सोसायटीच्या नोटिशी सगळ्या अशाच असतात. तो म्हणतो मग ठरावीक शब्दांची यादी करू, दुःख, अंतःकरण, प्रातःकाल, निःशब्द, असे. यादी मला पटतेय, पण मग डॉकमध्ये अख्खी यादी छापायला हवी, 'इत्यादी' चालणार नाही, आणि यादीत शब्द वाढला की चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, यायला हवा, कारण कालपर्यंत जे आउटपुट येत होतं ते आज बदललं. तो म्हणतो एवढं कोण करणार. पीआर उघडाच आहे, यादीतले अजून शब्द सुचत असतील तर तिथेच टाका.